डांबराचा वास: दवाखान्यातून अत्तराच्या बाटलीत

दम्याचे रुग्ण सेंटबद्दल विचारतात, त्यात नवीन काही नाही. पण गेल्या काही वर्षांत हा प्रश्न वेगळ्या रूपात येऊ लागला आहे. मुलाने किंवा सुनेने परदेशातून बाटली आणलेली असते. उघडून पाहावं तर फुलांचा वास नाही, चंदनाचा नाही. विझलेल्या शेकोटीचा, नव्या चामड्याचा, तापलेल्या रबराचा, कधी चक्क रस्त्यावर ओतलेल्या डांबराचा वास! मग शंका येते, "डॉक्टर, हे अंगावर मारलं तर छातीत धूर जाईल का?"

थोडक्यात उत्तर हवं असेल तर नाही, धूर जात नाही. पण या वासांची गोष्ट मोठी आहे आणि तिचा निम्मा भाग आमच्याच धंद्यात घडला आहे. अत्तरवाल्यांच्या हाती डांबर लागण्याआधी ते डॉक्टरांच्या हाती होतं. शिवाय ही गोष्ट नीट समजली, तर घरातल्या कुठल्या वासाला घाबरायचं आणि कुठल्या नाही, याचा अंदाजही चांगला येतो. आपलं नाक या बाबतीत फार वेळा फसतं.

धूर हाच पहिला सुगंध

'परफ्यूम' हा शब्दच धुरातून आला आहे. लॅटिनमध्ये 'पेर फूमुम' म्हणजे धुराच्या वाटे. सुगंध अंगाला चोपडण्याच्या आधी माणूस तो जाळत होता. आपल्याकडचा धूप, ऊद, लोबान यांची परंपरा त्यातलीच. कनौजचे अत्तरवाले लोबान बंद मडक्यात तापवून त्यातून निथळणारं काळपट, धुरकट तेल काढतात. त्याला चोया म्हणतात. म्हणजे धुराचा वास बाटलीत भरणं ही काही पॅरिसची किंवा न्यूयॉर्कची नवी कल्पना नव्हे.

पण देवघरातला धूर वेगळा आणि कारखान्यातला वेगळा. डांबर, इंजिन ऑइल, टायर हे वास माणसं अंगावर का घेऊ लागली, हे समजायला आधी रशियात जावं लागेल.

बर्चचं डांबर

बर्च हे थंड प्रदेशातलं झाड. ज्यावर आपल्याकडे जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या ते भूर्जपत्र म्हणजे याच कुळातल्या हिमालयातल्या झाडाची साल. ही साल हवा लागू न देता बंद भांड्यात तापवली की ती पेटत नाही, तिच्यातून काळं, चिकट डांबर गळतं. निअँडरथल माणूस दगडी हत्यारांना दांडे चिकटवायला हेच डांबर वापरत होता, इतकं ते जुनं आहे. रशियन कारागीर कमावलेल्या कातड्याला त्यापासून काढलेलं तेल चोळत. त्यामुळे चामड्यात पाणी शिरत नसे, कीड लागत नसे आणि एक धुरकट, औषधी वास कायमचा बसत असे.

हे तेल किती जबरदस्त असेल? सेंट पीटर्सबर्गहून जिनोआला निघालेलं 'मेटा कातारिना' नावाचं जहाज १७८६ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या प्लिमथजवळ बुडालं. त्यात रशियन चामडं होतं. १९७३ मध्ये पाणबुड्यांना ते सापडलं. जवळजवळ दोनशे वर्षं समुद्राच्या चिखलात राहूनही त्यातलं बरंच चामडं वापरण्याजोगं होतं आणि कारागिरांनी त्याच्या वस्तूही केल्या. जंतूंना, बुरशीला त्यात शिरताच आलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण डांबरात जंतूंना न मानवणारं काहीतरी आहे हे वैद्यकाच्या लक्षात यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

युरोपातल्या श्रीमंतांना त्या चामड्याचा वास इतका आवडला की 'रशियन चामडं' या नावाची अत्तरंच निघू लागली. सर्वांत प्रसिद्ध ठरलं ते १९२० च्या दशकातलं शॅनेलचं. ते तयार केलं अर्नेस्ट बो याने, आणि हा गृहस्थ मॉस्कोत जन्मलेला होता. त्या वासात घोड्याचं खोगीर आहे, सैनिकाचे बूट आहेत, असं म्हणतात. रसायनाच्या भाषेत बोलायचं तर त्यात बर्चचं डांबर आहे.

दुसरं डांबर: कोळशाचं

लंडनमध्ये १८१२ पासून रस्त्यावरच्या दिव्यांसाठी गॅस पुरवणारी कंपनी सुरू झाली. हा गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढत. कृती बर्चच्या सालीचीच, फक्त माल वेगळा. गॅस दिव्यांना गेला, कोक भट्ट्यांना गेला आणि मागे उरलं घाण वासाचं काळं डांबर. त्याचं काय करायचं हे कुणालाच कळेना. मुंबईतही १८६० च्या दशकात गॅसचे दिवे आले. लालबागला आजही 'गॅस कंपनी लेन' हे नाव टिकून आहे.

या टाकाऊ डांबराने पुढे रसायनशास्त्र, औषधं, रंग आणि अत्तरं या चारही धंद्यांचं रूप पालटलं. फ्रीडलिब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये त्यातून तीन पदार्थ वेगळे केले. त्यांची आजची नावं फिनॉल, ॲनिलिन आणि क्विनोलिन. ही तिन्ही नावं या लेखात पुन्हा भेटतील. त्याआधीच डांबरातून नॅप्थलीनही वेगळं झालं होतं. आपण त्याच्या गोळ्यांना 'डांबरगोळ्या' म्हणतो, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीचा हा इतिहासच बोलत असतो. इंग्रजीत त्यांचं नाव पतंगांवरून पडलं. मराठीने मात्र मूळ बरोबर पकडलं.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी मलेरियावरचं क्विनीन डांबरातून बनवायला निघाला. क्विनीन जमलं नाही, ॲनिलिनपासून जांभळा रंग हाती लागला. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. याच पर्किनने १८६८ मध्ये कूमरिन प्रयोगशाळेत बनवलं. कूमरिन म्हणजे नुकत्याच कापलेल्या, वाळत घातलेल्या गवताला येणारा गोडसर वास. १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगां या अत्तरघराने ते वापरून 'फुजेर रोयाल' काढलं आणि आधुनिक अत्तराची सुरुवात तिथून झाली असं मानलं जातं. त्यामुळे डांबराचा वास अत्तरात आला म्हणून आज कुणी नाक मुरडत असेल, तर त्याला सांगायला हरकत नाही की डांबर अत्तरात कधीचंच बसलेलं आहे. फक्त इतकी वर्षं ते फुलांचा आणि गवताचा वेष घेऊन बसलं होतं.

कार्बोलिकचा वास म्हणजे स्वच्छता?

आता आमच्या धंद्याकडे वळू. रुंगेने काढलेल्या फिनॉलचं जुनं नाव कार्बोलिक ॲसिड. इंग्लंडच्या कार्लाइल गावात सांडपाण्याची दुर्गंधी घालवायला ते वापरत होते. ग्लासगोचे सर्जन जोसेफ लिस्टर यांच्या ते वाचनात आलं. जखमा कुजतात त्या जंतूंमुळे, हे पाश्चरच्या कामावरून त्यांना पटलं होतं. ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीखाली पाय सापडलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या उघड्या फ्रॅक्चरवर त्यांनी कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. त्या काळी अशा जखमेचा शेवट बहुधा पाय कापण्यात किंवा मृत्यूत होई. या मुलाचा पाय वाचला. १८६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिस्टर यांचे लेख आले आणि शस्त्रक्रियेचं जगच बदललं.

लिस्टर यांनी पुढे ऑपरेशनच्या खोलीत कार्बोलिकचा फवारा मारायला सुरुवात केली. सगळ्यांचे डोळे चुरचुरत, हात सोलवटत. काही वर्षांनी लक्षात आलं की हवेतल्या जंतूंपेक्षा हात, हत्यारं आणि पट्ट्या यांवरचे जंतू महत्त्वाचे आहेत, आणि त्यांनी स्वतःच तो फवारा सोडून दिला. पण तोपर्यंत तो वास लोकांच्या मनात बसला होता. कार्बोलिकचा वास आला म्हणजे इथे स्वच्छता आहे, इथे डॉक्टर आहे.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. येताजाता आपण बघतो, थांबत मात्र नाही. प्लेग पसरला तशी सरकारने घरं, गटारं, रस्ते कार्बोलिकने धुवायला काढली. पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. सोल्जर घरात शिरले, सामान बाहेर काढलं, जाळपोळ आणि धुलाई झाली. त्या पिढीसाठी हा वास स्वच्छतेचा जितका, तितकाच धास्तीचा असणार.

आणि प्लेग? तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. गटारात ओतलेल्या कार्बोलिकचा माळ्यावरच्या उंदराच्या अंगातल्या पिसवेशी फारसा संबंध नव्हता. गल्लीभर औषधाचा वास दरवळत होता, पण रोग आपल्या वाटेने चालला होता. नाक फसण्याचा हा पहिला प्रकार. आश्वासक वास येतो आणि आपण निर्धास्त होतो.

लाल लाइफबॉय साबण याच काळातला, १८९० च्या दशकातला. माझ्या वयाच्या वाचकांना त्याचा वास नुसत्या नावानेही आठवेल. ती कार्बोलिकचीच झाक होती. भारतात २००२ मध्ये साबणाचं रूप बदललं आणि तो वास गेला. अनेकांना वाटलं, साबण आता पूर्वीसारखा 'कडक' राहिला नाही. खरं तर हाताचे जंतू जातात ते साबण, पाणी आणि वीस सेकंदांच्या चोळण्याने. वासाचा त्यात वाटा नाही.

धुरातलं औषध, औषधातला धूर

लाकडाच्या धुराला जो ओळखीचा वास असतो, त्यात मोठा वाटा ग्वायकॉल आणि त्याच्या भावंडांचा. लाकूड जळताना त्यातलं लिग्निन तुटतं आणि हे पदार्थ तयार होतात. आपल्या नाकाला ग्वायकॉल हवेत अब्जात काही भाग एवढं असलं तरी कळतं. जंगलात राहणाऱ्या प्राण्याला आगीची वर्दी लवकर मिळणं जरुरीचंच होतं.

१८३० च्या दशकात कार्ल फॉन रायकेनबाख याने बीच नावाच्या झाडाच्या डांबरातून क्रिओसोट काढलं. त्यात ग्वायकॉल भरपूर. मांस टिकवणारं, म्हणून ग्रीक शब्दांवरून हे नाव. दातदुखीला क्रिओसोटचा बोळा ठेवत. क्षयाच्या रुग्णांना ते पोटात देत, हुंगायला देत. स्ट्रेप्टोमायसिन येईपर्यंत क्षयावर खरा इलाज नव्हता, त्यामुळे जे काही तीव्र वासाचं असेल ते देऊन पाहिलं जाई. क्रिओसोटने क्षय बरा होत नसे, पण कफ सुटतो असा अनुभव होता. त्या अनुभवाचा एक वंशज आजही आपल्या कपाटात आहे. खोकल्याच्या बाटलीवर 'ग्वायफेनेसिन' हे नाव वाचा. ते ग्वायकॉलपासून बनवलेलं आहे.

गंमत पुढेच आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात याच ग्वायकॉलपासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास, बनवून दाखवला. आज जगातलं बहुतेक व्हॅनिलिन याच वाटेने येतं. शेकोटीचा धूर, खोकल्याचं औषध आणि मुलांचं आइस्क्रीम ही रसायनाच्या नात्याने चुलत भावंडं आहेत. एखाद्या धुरकट परफ्यूममध्ये तळाशी गोडसर व्हॅनिला लागतो, तो म्हणूनच विजोड वाटत नाही.

बायकांची सिगारेट, शिंप्याचं दुकान, काळा चामडी जॅकेट

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात बायका चारचौघांत सिगारेट ओढू लागल्या. १९१९ मध्ये कॅरों या कंपनीने त्यांच्यासाठी 'ताबा ब्लाँ' काढलं, तंबाखू आणि चामड्याच्या वासाचं. व्हिएन्नातल्या क्नीझे या शिंप्याच्या दुकानाने १९२० च्या दशकात 'क्नीझे टेन' आणलं. त्यात चामडं तर आहेच, शिवाय पेट्रोलची झाक येते. ते अजून विकलं जातं.

आणि मग १९४४ चं 'बँडिट'. जर्मेन सेलिए या बाईंनी पॅरिसमध्ये ते बनवलं. अत्तराच्या पुरुषी धंद्यात नाव कमावणाऱ्या त्या मोजक्या स्त्रियांपैकी. त्यात आयसोब्युटिल क्विनोलिन नावाचं रसायन सढळ हाताने घातलं होतं. त्याचा वास कडवट, हिरवट चामड्यासारखा. इथे रुंगेचं तिसरं नाव परत आलं. क्विनोलिनचा सांगाडा क्विनीनमध्येही असतो, क्लोरोक्विनमध्येही असतो. मलेरियाच्या गोळीचा आणि 'बँडिट'चा कडवटपणा एकाच घराण्यातला आहे, असं म्हटलं तर रसायनवाले रागावणार नाहीत.

उद्योगाचा अत्तरात शिरकाव नेहमीच निरुपद्रवी नव्हता. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हा टीएनटीसारख्या स्फोटकांवर काम करत असताना त्याला कस्तुरीसारखा वास असलेला पदार्थ सापडला. या 'नायट्रो मस्क' घराण्यातलं मस्क अँब्रेट पुढे आफ्टरशेव्हमध्ये सर्रास पडू लागलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वचारोगतज्ज्ञांना असे पुरुष दिसू लागले, ज्यांच्या चेहऱ्यावर ऊन लागलेल्या भागातच पुरळ उठे. कारण मस्क अँब्रेट निघालं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मज्जासंस्थेलाही इजा दिसली आणि ते बाद झालं. आणि हा वास कसा होता? मऊ, उबदार, पावडरसारखा. कुणाच्याही मनात शंका येऊ नये असा.

डांबराची काळी बाजू

लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतो. कारण काजळी. व्यवसायामुळे होणाऱ्या कॅन्सरची ही पहिली स्पष्ट नोंद मानतात. मग एक मोठा खंड. १९१५ मध्ये टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर फासलं आणि कॅन्सर झालेला दाखवला. किती चिकाटी लागली असेल याचा विचार करा. त्यांच्याआधी ज्यांनी प्रयत्न केले, त्यांनी बहुधा लवकर सोडून दिले.

पण डांबरातलं नेमकं काय कॅन्सर करतं? लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या गटाने दोन टन डांबर घेऊन ते गाळत, वेगळं करत नेलं आणि १९३३ मध्ये बेंझोपायरीन हाती लागलं. फिकट पिवळे स्फटिक. हा रेणू इतका जड असतो की नेहमीच्या तापमानाला हवेत फारसा उडतच नाही. जे उडत नाही ते नाकापर्यंत पोचत नाही. म्हणजे त्याला जवळपास वासच नाही.

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे, म्हणून जरा थांबतो. डांबराला, धुराला जो वास येतो तो ग्वायकॉल, क्रेसॉल, फिनॉल अशा हलक्या रेणूंचा. डांबर आणि धूर कॅन्सर घडवतात ते बेंझोपायरीनसारख्या, वास न येणाऱ्या जड रेणूंमुळे. ही दोन वेगळी कुटुंबं आहेत. निसर्गात ती एकत्र येतात, म्हणून नाकाने धुरापासून लांब राहायला शिकवलं ते बरोबरच आहे. पण कारखान्यात त्यांना वेगळं करता येतं.

अत्तरवाल्यांनी नेमकं तेच केलं. बर्चचं कच्चं डांबर आणि दक्षिण युरोपातल्या जुनिपरच्या लाकडाचं 'केड' तेल पुन्हा गाळून शुद्ध केलं जातं, तेव्हा जड भाग मागे राहतो. १९७३ साली स्थापन झालेली इफ्रा ही अत्तर उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना कच्चं डांबर अत्तरात वापरू देत नाही. गाळलेलं वापरलं तरी तयार अत्तरात बेंझोपायरीन आणि त्याचं एक भावंड मिळून अब्जात एक भागापेक्षा जास्त नको, असा तिचा नियम आहे. अब्जात एक म्हणजे हजार टनांत एक ग्रॅम. ही संघटना उद्योगाचीच आहे, सरकारी नाही, हे मी मुद्दाम सांगतो. तरी हा नियम मला शहाणपणाचा वाटतो.

गॅरेज, डांबर आणि टोस्टर

हे सगळं झाल्यावर अत्तरवाल्यांनी वेष टाकला आणि डांबर उघडपणे मिरवायला सुरुवात केली. १९९८ मध्ये बुल्गारीचं 'ब्लॅक' आलं. धुरात वाळवलेला चहा आणि रबर यांचा वास, बाटलीलाही काळ्या रबराचं कडं. ते बनवणाऱ्या अनिक मेनार्दो यांनीच पुढे ल लाबोसाठी 'पॅचौली २४' केलं, ज्यात बर्चचा धूर अगदी पुढे येतो. जपानी फॅशनकार रेइ कावाकुबो यांच्या कॉम दे गार्सों या कंपनीने २००० मध्ये 'ओदर ७१' काढलं. तापलेल्या बल्बवरची धूळ, तापलेला धातू, फोटोकॉपी मशीन असं त्याचं वर्णन होतं. २००४ मध्ये त्यांनी एक मालिकाच आणली. त्यातल्या दोन बाटल्यांची नावं 'टार' आणि 'गॅरेज'. यापेक्षा स्पष्ट काय सांगणार!

लोकांना हे का आवडतं? मला वाटतं, शहरात वाढलेल्या माणसाच्या आठवणी मोगऱ्याच्या कमी आणि पेट्रोल पंपाच्या जास्त असतात. वासाची नस मेंदूत भावना आणि आठवणींच्या केंद्रांना थेट जाऊन भिडते. इतर संवेदनांना आधी थॅलॅमस नावाचं ठाणं पार करावं लागतं. वडिलांची वर्कशॉप होती, त्या माणसाला ग्रीसचा वास गुलाबाहून जवळचा वाटला तर नवल नाही.

या बाटल्यांत भारताचाही हात आहे. धुरकट वास द्यायला वाळ्याचं तेल वापरतात आणि नागरमोथ्याचं तेल तर हल्ली फार मागणीत आहे. दिवाळीच्या उटण्यात पडतो तोच नागरमोथा. परदेशी बाटलीतल्या 'गूढ काळ्या लाकडा'चा वास हुंगताना नरकचतुर्दशीची पहाट आठवली, तर तुमचं नाक बरोबर आहे.

धातूच्या वासाबद्दल एक गमतीची गोष्ट. लोखंडी गज किंवा नाणं हातात धरल्यावर जो वास येतो, तो लोखंडाचा नसतो. तो आपल्या कातडीवरच्या तेलांचा असतो. लोखंडाच्या स्पर्शाने ती तेलं तुटतात आणि वासाचे रेणू सुटतात. जर्मन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे दाखवलं. अत्तरातली 'धातूची झाक' म्हणजे खरं तर माणसाचाच वास.

मग घरात कशाला जपायचं?

धुराच्या वासाच्या परफ्यूममध्ये धूर नसतो. धूर म्हणजे बारीक कण, आणि फुप्फुसांचं नुकसान मुख्यतः हे कण करतात. वास आणि कण यांची गल्लत करू नका. दम्याच्या रुग्णाला परफ्यूमने त्रास होऊ शकतो, पण तो श्वासनलिकेला चुरचुर लागल्यामुळे, आणि ज्यांना होतो त्यांना तो गुलाबाच्या सेंटनेही होतो. अशांनी बंद गाडीत, लिफ्टमध्ये, एसी खोलीत कुठलाच सेंट फवारू नये, आणि घरातल्यांनीही ते पाळावं.

माझी खरी काळजी दुसरीकडे आहे. 'डांबराच्या वासाचं नको' म्हणून परफ्यूम परत करणारी माणसं रात्री बंद खोलीत मच्छरची कॉइल लावून झोपतात. एका कॉइलमधून जितके सूक्ष्म कण बाहेर पडतात, ते वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांएवढे असतात, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. त्यातल्या अनेक कॉइलना छान फुलांचा वास असतो. उदबत्ती आणि धूपही कण सोडतात. देवापुढे लावा, पण खिडकी उघडी ठेवा आणि दम्याच्या माणसाला त्या खोलीत बसवू नका. चूल असेल तिथे तर धुराचा बंदोबस्त ही घरातल्या बाईच्या फुप्फुसांची पहिली गरज आहे.

डांबरगोळ्यांबद्दल नव्या आईबापांनी विशेष जपावं. काही बाळांमध्ये जन्मतः जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. आपल्याकडे अशी मुलं दुर्मीळ नाहीत. नॅप्थलीनने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ, ॲनिमिया होऊ शकतो. आजीने जपून ठेवलेलं दुपटं डांबरगोळ्यांच्या ट्रंकेतून काढून थेट बाळाला गुंडाळू नका. ते धुवा, उन्हात चांगलं वाळवा आणि मग वापरा. त्यापेक्षा बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नयेत.

घरी बनवलेली किंवा ऑनलाइन मिळणारी 'शुद्ध बर्च टार', 'शुद्ध केड ऑइल' कातडीवर लावू नका. चामड्यासाठी आणि घोड्यांच्या खुरांसाठी विकलं जाणारं कच्चं डांबर वरच्या नियमांत बसत नाही. सोरायसिस किंवा कोंड्यासाठी डॉक्टर कोल टारचं मलम, शाम्पू देतात, तो वेगळा विषय. ते मोजून, ठरावीक काळ वापरायचं औषध आहे, घाबरून मध्येच बंद करू नये.

एक लक्षण मात्र नोंदून ठेवा. आसपास काहीच जळत नसताना वारंवार जळका वास येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. सायनसचा त्रास, मायग्रेन, कोविडसारख्या आजारानंतर बिघडलेली वासाची नस, आणि क्वचित मेंदूतून येणारी फिट अशी त्याची कारणं असू शकतात.

राहिला कातडीचा प्रश्न. युरोपीय संघाने २००३ मध्ये सुगंधातल्या २६ ॲलर्जीकारक पदार्थांची नावं लेबलवर छापणं सक्तीचं केलं आणि २०२३ मध्ये ही यादी ८० च्या वर नेली. जुन्या यादीत डोकावलं तर गुलाबातलं जिरॅनिऑल, लवंगेतलं युजेनॉल, लिंबाच्या सालीतलं लिमोनिन, लॅव्हेंडरमधलं लिनलूल अशी सगळी सोज्वळ मंडळी दिसतात. शेकोटीवालं ग्वायकॉल त्यात नाही. तेव्हा मानेवर, मनगटावर, काखेत खाज किंवा काळपट डाग येत असतील, तर 'नैसर्गिक फुलांचं आहे' म्हणून एखादी बाटली संशयातून वगळू नका. दोन आठवडे सगळे सेंट, डिओ, सुगंधी तेलं बंद ठेवा. डाग मिटत नसतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टसाठी जा आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या, खोक्यांसकट, कारण घटकांची यादी बहुधा खोक्यावरच छापलेली असते.